वायफायचे दोन डबे, दोघांचा पत्ता एकच. मग दिवे हिरवे असूनही नेट का चालत नाही?

जुलैचा शेवटचा आठवडा. खरीप पीकविम्याची मुदत संपत आलेली. सेवा केंद्राच्या ओट्यावर सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन माणसं बसलेली. आत कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात वायफायची खूण पूर्ण भरलेली, राउटरचे सगळे दिवे हिरवे, आणि पान मात्र नुसतं गोल गोल फिरतंय. "साइट डाऊन आहे, उद्या या," असं सांगून निम्मी माणसं माघारी जातात. त्याच वेळी बाकावर बसलेला एखादा पोरगा त्याच वायफायवर मजेत व्हिडिओ बघत असतो.

साइट कधी कधी खरंच डाऊन असते, हे नाकारता येणार नाही. पण एकाच खोलीत एकाला नेट आहे आणि दुसऱ्याला नाही, असं असेल तर दोष साइटचा नसतो आणि कंपनीच्या लाइनचाही नसतो. बहुतेक वेळा तो भिंतीवर एकाखाली एक लावलेल्या दोन डब्यांमध्ये असतो. दोन्ही डब्यांचा पत्ता एकच असतो, हेच त्याचं मूळ. दुरुस्तीला पैसे लागत नाहीत. अर्धा तास, एक लॅपटॉप आणि एक हातभर वायर पुरते.

दोन डबे आले कुठून?

गावापर्यंत फायबर आणण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. त्या योजनेतून असो, खासगी कंपनीकडून असो की गावातल्या केबलवाल्याकडून असो, फायबर ज्या डब्यात येऊन संपते त्याला ओएनटी म्हणतात. काचेच्या तारेतला प्रकाश तो नेटमध्ये बदलतो. हल्लीचे बरेच ओएनटी स्वतःच वायफायही देतात. म्हणजे तो एक राउटरच झाला.

पण ओएनटी लागतो दाराजवळ, आणि कॉम्प्युटर असतो आतल्या खोलीत. मध्ये दगडी भिंत किंवा पत्र्याचं पार्टिशन. रेंज पोचत नाही. मग कुणीतरी तालुक्याहून हजार-बाराशेचा दुसरा राउटर आणतो, वायर खुपसतो आणि नेट चालू होतं. आठ दिवस चालतं. नंतर "कधी चालतं, कधी नाही" सुरू होतं. दूध संकलन केंद्र, शाळा, पतसंस्था, दोन मजली घर, सगळीकडे गोष्ट हीच.

डब्याची ओळख कशावरून?

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला दोन क्रमांक असतात. पहिला मॅक पत्ता. तो कारखान्यातच बसवलेला असतो, ट्रॅक्टरच्या चेसिस नंबरसारखा. बारा अंकांचा, त्यात आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं असतात. त्यातला पहिला अर्धा भाग यंत्र कोणत्या कंपनीचं ते सांगतो. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर तो छापलेला असतो.

दुसरा आयपी पत्ता. हा भाड्याच्या खोलीच्या नंबरासारखा आहे. आज या खोलीत, उद्या दुसऱ्या. शून्य ते २५५ मधले चार आकडे, मध्ये टिंब. उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. (ब्राउझरमध्ये टाकताना हे इंग्रजी आकड्यांतच टाकायचं, मराठी कीबोर्ड चालत नाही.) खोल्यांचं वाटप करणारा जो कारभारी राउटरमध्ये बसलेला असतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. फोन वायफायला जोडला की तो डीएचसीपीला विचारतो, "मला नंबर दे." तो नंबर देतो, आणि सोबत सांगतो की गावाबाहेर जायचा रस्ता अमुक डब्यातून आहे. त्या बाहेरच्या रस्त्याला गेटवे म्हणतात. पुढचा सगळा घोळ या गेटवेभोवतीच फिरतो.

आता १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरी तेच कसे? चार आकड्यांच्या पद्धतीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जगातल्या फोन-कॉम्प्युटरांना ते पुरणार नाहीत, हे आधीच ध्यानात आलं होतं. म्हणून १९९६ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी बाजूला काढले गेले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. हे कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. जगाच्या मुख्य साठ्यातले मोकळे पत्ते तर फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्यामुळे राउटर बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या डब्याला कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा एखादा पत्ता घालून पाठवते. घरात डबा एकच असेल तर काही बिघडत नाही. दोन आले की भांडण.

पिंपळगाव कुठलं?

महाराष्ट्रात पिंपळगाव किती आहेत ते एसटीच्या कंडक्टरला विचारा. निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत, पाचोऱ्यात पिंपळगाव हरेश्वर, भोकरदनला पिंपळगाव रेणुकाई. ती लांब लांब आहेत आणि पुढे दुसरं नाव जोडलेलं आहे, म्हणून निभावतं. पण एकाच फाट्यावर डावीकडेही पिंपळगाव आणि उजवीकडेही पिंपळगाव, आणि दोन्हींना पुढे नाव नाही, अशी पाटी लावली तर गाडी कुठं वळवायची?

दुसऱ्या राउटरचं नेमकं हेच होतं. ओएनटीकडून आलेली वायर त्याच्या वॅन नावाच्या खोबणीत (बहुतेक निळी किंवा वेगळ्या रंगाची असते) घातली, तर त्याला बाहेरच्या बाजूने पत्ता मिळतो, समजा १९२.१६८.१.५. आणि त्याच्या स्वतःच्या घरातला पत्ता आधीच १९२.१६८.१.१ आहे. म्हणजे बाहेरची गल्ली आणि आतली गल्ली एकाच नावाची. कॉम्प्युटरने बाहेर पाठवलेलं टपाल आत द्यायचं की बाहेर, हे त्याला ठरवता येत नाही. काही नवे राउटर हे ओळखून आपला आतला पत्ता आपोआप बदलतात. जुने आणि स्वस्तातले बदलत नाहीत, नुसतेच अडकून बसतात.

वायर वॅनऐवजी लॅन खोबणीत घातली तर वेगळी गंमत. आता दोन्ही डबे एकाच गल्लीत, एकाच नंबरचे. वर दोघांचेही डीएचसीपी कारभारी खोल्या वाटायला बसलेले. ज्या फोनला पहिल्याने नंबर दिला त्याचं नेट चालतं. ज्याला दुसऱ्याने दिला त्याला तो सांगतो, "बाहेरचा रस्ता माझ्यातून," आणि त्याच्याकडे रस्ताच नसतो. बाकावरच्या पोराचं नेट चालू आणि केंद्रचालकाचं बंद, त्याचं कारण हेच. डबा बंद करून चालू केला की वाटप नव्याने होतं आणि काही वेळ सगळं सुरळीत दिसतं. म्हणूनच गावोगावी "जरा बटण बंद-चालू कर" हा इलाज मानला जातो. तो इलाज नाही, फाशांचा डाव आहे.

तपासायचं कसं?

कॉम्प्युटरवर स्टार्ट दाबून सीएमडी लिहायचं, काळी खिडकी उघडली की आयपीकॉन्फिग हा इंग्रजी शब्द सलग टाइप करून एंटर. समोर येणाऱ्या ओळींत आयपीव्ही४ पत्ता आणि डीफॉल्ट गेटवे या दोनच बघायच्या. फोनवर वायफायच्या नावापुढच्या चाकाच्या खुणेवर किंवा बाणावर दाबलं तर हीच माहिती मिळते. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन यंत्रांची माहिती शेजारी शेजारी लिहून काढली, तर निम्मं निदान तिथंच होतं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला कुणीच नंबर दिलेला नाही, त्याने स्वतःच ठेवून घेतलाय. मग आधी वायर बघा, पिन सैल असते. उंदराने कुरतडलेली वायरही कमी वेळा सापडत नाही.

दुरुस्ती, पहिली पद्धत

नुसती रेंज वाढवायची असेल तर ही पद्धत बरी. दुसऱ्या डब्याने कारभार करायचा नाही, फक्त वायफाय द्यायचं.

आधी दुसरा राउटर ओएनटीपासून पूर्ण सोडवून घ्यायचा. हे बरेच जण करत नाहीत आणि तिथंच फसतात: दोघांचा पत्ता एक असल्यामुळे सेटिंग उघडतं पहिल्याचं, बदल होतो पहिल्यात, आणि होतं तेही नेट जातं. तेव्हा दुसरा डबा एकटा, लॅपटॉपला वायरने जोडलेला, आणि लॅपटॉपचं वायफाय बंद. तळाच्या कागदावर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून, तिथलंच युजरनेम-पासवर्ड देऊन आत जायचं.

सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असेल तर तो निवडला की पुढचं बरंचसं काम राउटर स्वतः करतो. नसेल तर हाताने करायचं. लॅन या पानावर पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा (ओएनटीचा १९२.१६८.१.१ असेल तर, त्याचा पहिल्या तीन आकड्यांचा भाग जो असेल तोच इथे ठेवायचा). सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असतो, त्याला हात लावायचा नाही. सेव्ह केल्यावर डबा बंद होऊन चालू होतो आणि पान उघडत नाही. घाबरून जाऊ नये. पत्ता बदललाय, आता नव्या पत्त्यावरच पान उघडणार. वायर काढून पुन्हा घालावी, म्हणजे लॅपटॉपला नवा नंबर मिळेल.

पुन्हा आत जाऊन वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकून घ्यायचा. मग सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. हा क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी आधी बंद केला तर लॅपटॉपला नंबर मिळत नाही आणि राउटरमध्ये परत शिरता येत नाही. एवढं झालं की ओएनटीच्या लॅन खोबणीतून वायर दुसऱ्याच्या लॅन खोबणीत घालायची. वॅनची खोबण रिकामी राहते. हाताने सेटिंग केलं असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवलेली बरी, नाहीतर साफसफाई करताना कुणीतरी "इथं निघालीय" म्हणून वायर तिथं घालतो. अॅक्सेस पॉइंट मोड निवडला असेल तर मात्र काही राउटरमध्ये वायर वॅनमध्येच घालायला सांगतात, तेव्हा पडद्यावर काय लिहिलंय ते वाचावं.

एक गोष्ट उरली. ओएनटीचा डीएचसीपी जर २ ते २५४ असे सगळेच नंबर वाटत असेल, तर एखाद्या दिवशी तो १९२.१६८.१.२ एखाद्या फोनला देऊन टाकील आणि भांडण पुन्हा सुरू होईल. म्हणून ओएनटीमध्ये वाटपाची हद्द ५० ते २०० अशी करून घ्यायची. खालचे पन्नासेक नंबर राउटर, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर अशा एका जागी बसणाऱ्या यंत्रांसाठी राखीव. गावठाण आणि गायरान वेगळं ठेवतात तसंच. ओएनटीचा पासवर्ड कंपनीकडे असेल तर लाइनमन आला की त्याच्याकडून हे करून घ्यावं, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन डब्यांमध्ये दोन वायरी जोडल्या की स्पीड दुप्पट होतो, असाही एक समज ऐकायला मिळतो. होत नाही. उलट एकच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि सगळं नेटवर्क बसतं. वायर एकच, आणि तीही शंभर मीटरच्या आत.

दुसरी पद्धत: दोन गल्ल्या वेगळ्या

ग्रामपंचायतीत किंवा पतसंस्थेत येणाऱ्या-जाणाऱ्यालाही वायफाय द्यायचं असेल, तर एक गल्ली धोक्याची. दाखल्यांचे कॉम्प्युटर आणि अनोळखी फोन एकत्र नकोत. इथे दुसऱ्या राउटरची वॅन खोबणच वापरायची, डीएचसीपी चालू ठेवायचा, फक्त आतली गल्ली बदलायची: १९२.१६८.२.१. तिसरा आकडा वेगळा झाला की गल्ली वेगळी झाली.

पण कोण कुठल्या गल्लीत, इथं बहुतेक जण उलट करतात. ऑफिस पहिल्या डब्यावर आणि लोक दुसऱ्या डब्यावर, असं ठेवतात. वाटतं की लोकांना लांब ठेवलं. प्रत्यक्षात दुसऱ्या डब्यामागच्या माणसाला बाहेर जायचा रस्ता पहिल्याच्या गल्लीतूनच जातो, त्यामुळे त्याला ऑफिसचं प्रिंटर-कॉम्प्युटर गाठता येतं. पहिल्यावरच्या माणसाला मात्र दुसऱ्याच्या आत सहजासहजी शिरता येत नाही. म्हणून लोक पहिल्या डब्यावर, ऑफिस दुसऱ्याच्या आत. ओएनटीमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर लोकांना तीच द्यावी, ते आणखी सोपं.

या पद्धतीत एक तोटा आहे. प्रिंटर एका गल्लीत आणि कॉम्प्युटर दुसऱ्या गल्लीत पडला तर प्रिंट निघणं अवघड होतं. प्रिंटर वापरणाऱ्याच्याच गल्लीत ठेवावा. शेतावरचा कॅमेरा घरबसल्या बघण्यासाठी पोर्ट उघडण्याची खटपटही दोन डब्यांमुळे दुप्पट होते. त्याआधी राउटरमध्ये बाहेरच्या बाजूचा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर कंपनीनेच एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय, आपल्या बाजूने पोर्ट उघडून काही होणार नाही. अख्खा दिवस वाया घालवण्यापेक्षा कंपनीच्या अॅपवरून कॅमेरा बघावा.

चेसिस नंबराचीही नक्कल होते

केबलवाले कधी कधी ग्राहकाच्या राउटरचा मॅक पत्ता आपल्याकडे नोंदवून ठेवतात. नवा राउटर लावला की नेट बंद, कारण चेसिस नंबर जुळत नाही. त्यावर मॅक क्लोन नावाची सोय असते, म्हणजे नव्या डब्याने जुन्याचा नंबर सांगायचा. जुना डबा अडगळीत टाकला तर ठीक. पण तोच जुना डबा पुढे रेंज वाढवायला त्याच घरात लावला तर एका गल्लीत एकाच चेसिस नंबरच्या दोन गाड्या होतात, आणि हा दोष शोधताना भलेभले दमतात. क्लोन करण्यापेक्षा केबलवाल्याला फोन करून नवा नंबर नोंदवून घेतलेला बरा.

फोनचंही तसंच काहीसं. अँड्रॉइड १० पासूनचे बहुतेक फोन वायफायला खरा मॅक सांगतच नाहीत, बनवलेला सांगतात. माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून ही सोय आहे. पण राउटरमध्ये "एवढेच फोन आत घ्या" अशी मॅकची यादी केली असेल तर वायफायचं नाव बदलल्यावर ओळखीचाच फोन दारात अडतो.

मोठ्या कॉलेजात किंवा दवाखान्यात लोखंडी कपाटात एकावर एक रचलेले स्विच दिसतात. काही जातीचे स्विच मागून खास केबलने जोडले की सगळे मिळून एकच यंत्र बनतं. सिस्कोच्या स्टॅकवाइज पद्धतीत असे नऊपर्यंत जोडता येतात. प्रत्येकाला सदस्य क्रमांक, त्यातला एक म्होरक्या, आणि पत्ता सगळ्यांचा मिळून एकच. म्होरक्या कोण ते १ ते १५ मधल्या प्राधान्याच्या आकड्यावर ठरतं, मोठा आकडा जिंकतो. म्हणजे तिथे एकच पत्ता हीच खरी सोय, कारण आत क्रमांक वेगळे आहेत. घरगुती डब्यांना ही अक्कल नसते. ते दोघेही स्वतःला म्होरक्याच समजतात.

पासवर्ड, रीसेट आणि चिठ्ठी

सेटिंगमध्ये शिरलाच आहात तर अॅडमिनचा पासवर्ड बदलूनच बाहेर पडा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले, आणि त्यांचा वापर करून मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. त्या डब्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. वायफायचं नाव ठेवतानाही घरात दोन्ही डब्यांना एकच नाव-पासवर्ड ठेवला तर फोन आपोआप जवळचा डबा धरतो. ऑफिसात मात्र "ग्रामपंचायत पुढचा", "ग्रामपंचायत आतला" अशी वेगळी नावं बरी. तक्रार आली की कुठल्या डब्याची, ते फोनवरच कळतं.

मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की डबा कारखान्यातून आला तसा होतो. दुसऱ्या, विकत घेतलेल्या राउटरवर हे खुशाल करा. कंपनीच्या ओएनटीवर चुकूनही नको. त्यात लाइनचं लॉगिन आणि कंपनीची सेटिंग भरलेली असतात. ती पुसली की लाइनमन येईपर्यंत नेट बंद, आणि पावसाळ्यात लाइनमन कधी येईल ते कुणी सांगावं.

सगळं लागलं की एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: पहिल्या डब्याचा पत्ता, दुसऱ्याचा पत्ता, प्रिंटरचा, डीव्हीआरचा, कुणाचा डीएचसीपी चालू, हद्द कुठून कुठपर्यंत, आणि वायर कुठून कुठे. पासवर्ड त्यावर नको, तो वहीत. वीज कडाडली आणि ओएनटी जळाला की कंपनी नवा देते, आणि नव्याचा पत्ता जुन्यासारखाच असेल असं नाही. जुना १९२.१६८.१.१ होता आणि नवा १९२.१६८.२९.१ निघाला, तर हाताने पत्ता दिलेलं प्रत्येक यंत्र बंद पडतं. लाइनमन दारात असतानाच ती चिठ्ठी त्याच्या हातात द्यावी आणि नव्या डब्याला जुनाच पत्ता टाकायला सांगावा. तो निघून गेल्यावर हेच काम प्रिंटर, डीव्हीआर आणि दुसरा राउटर असं तीन ठिकाणी करावं लागतं.